हुप्प्या ओरडतो तेव्हा

मेळघाटात वाघ डोळ्यांना कमी आणि कानांना जास्त सापडतो. सातपुड्याच्या डोंगरसोंडा, खोल दऱ्या, सागाची आणि बांबूची दाटी अशा मुलखात लांबवर नजर जातच नाही. म्हणून सेमाडोहच्या किंवा नरनाळ्याच्या बाजूला सफारीची गाडी मध्येच थांबते, इंजिन बंद होतं आणि गाइड कान देऊन ‘कॉल’ची, म्हणजे प्राण्यांच्या धोक्याच्या इशाऱ्याची, वाट बघतो. कधी सांबराचा कॉल येतो, कधी भेकराचा. पण एखाद्या उंच झाडाच्या शेंड्यावरून वानराचा घोगरा, तुटक ‘खोक्... खोक्-खोक्’ ऐकू आला की गाडीतली कुजबुज थांबते. जंगलात वावरणाऱ्यांचा अनुभव असा, की हरणं नुसत्या वासानेही बिचकतात, झुडूप हललं तरी ओरडतात. वानर मात्र सहसा जनावर डोळ्यांनी बघितल्यावरच ओरडतो. शिवाय तो उंचावर बसलेला असतो आणि त्याचं तोंड ज्या दिशेला, त्याच दिशेला बहुधा वाघ किंवा बिबट असतो.

हा कॉल म्हणजे नेमकं काय? भ्यालेल्या जिवाच्या तोंडून आपोआप निघालेली किंकाळी, की सोबत्यांना दिलेली खबर? किंकाळी असेल तर ती निव्वळ भावना. खबर असेल तर भाषेचं बीज तिथेच कुठेतरी आहे. गेली दीडशेहून अधिक वर्षं प्राण्यांचे अभ्यासक या प्रश्नाभोवती फिरत आहेत आणि त्यांनी तो प्रामुख्याने विचारला तो महाकपींना, म्हणजे चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान यांना.

यांपैकी एकही भारताच्या रानात नाही. वऱ्हाडाच्या वाट्याला आला आहे तो काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर. शास्त्रीय नाव सेम्नोपिथेकस एन्टेलस. त्याची आणि महाकपींची वाट सुमारे अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. तरीही महाकपींवरच्या संशोधनाने जे शिकवलं, ते पडताळून बघायला मेळघाटाइतकी चांगली जागा शोधूनही सापडणार नाही. १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत निवड झालेलं हे रान अमरावतीच्या धारणी-चिखलदऱ्यापासून अकोल्याच्या अकोट तालुक्यापर्यंत आणि पुढे बुलढाण्यापर्यंत पसरलेलं आहे. वानर तिथे कोअरमध्येही आहे आणि गावाच्या कौलांवरही.

महाकपींच्या भावनांची पहिली नोंदण्याजोगी भेट मार्च १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात झाली. चार्ल्स डार्विन तेव्हा २९ वर्षांचा होता. जेनी नावाच्या ओरांगउटान मादीला रखवालदाराने सफरचंद दाखवलं, पण दिलं नाही. जेनीने पाठीवर पडून पाय झाडले आणि हट्टी मुलासारखी रडली. रखवालदाराने समजूत घातल्यावर ती गप्प झाली आणि सफरचंद मिळवून खुर्चीत जाऊन बसली. डार्विनने हे सारं बहिणीला पत्रातून कळवलं. पुढे १८७२ मध्ये माणूस आणि प्राणी यांच्या भावनाविष्कारावर त्याने स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यातला त्याचा आग्रह साधा होता: राग, भीती, आनंद यांच्या खुणा माणसाने नव्याने तयार केलेल्या नाहीत, त्या वारशाने आलेल्या आहेत.

मॉस्कोत नादेझ्दा लादिगिना-कोट्स यांनी १९१३ ते १९१६ या काळात योनी नावाचं चिंपांझीचं पिल्लू घरात वाढवलं. योनी छपरावर चढून बसला की हाका मारून, खाऊ दाखवूनही खाली येत नसे. पण बाईंनी रडण्याचं सोंग केलं की तो तत्काळ खाली येई. त्यांच्याभोवती फिरून कुणी दुखावलं ते शोधी, त्यांची हनुवटी तळहातात धरी, चेहऱ्याला बोट लावून बघी. खाऊपेक्षा रडण्याची ओढ मोठी ठरत होती. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेलं त्यांचं हे निरीक्षण पुढची कित्येक दशकं जवळपास दुर्लक्षित राहिलं, कारण तोवर मानसशास्त्राचा वारा फिरला होता. प्राण्याची भावना मोजता येत नाही, म्हणून तिच्याबद्दल बोलूच नये, असा दंडक पडला. शब्द मात्र मोजता येत होते. मग महाकपींना माणसाची भाषा शिकवण्याची मोठी धडपड सुरू झाली.

अमेरिकेतल्या हेज दांपत्याने १९४७ पासून व्हिकी या चिंपांझी मादीला स्वतःच्या मुलीसारखं वाढवलं. ओठ हातांनी मिटून, उघडून तिला बोलायला शिकवलं. काही वर्षांच्या मेहनतीचं फळ चार शब्द: मामा, पापा, कप आणि अप. तेही घशातून फुसफुसत आलेले. दोष घशाच्या रचनेचा आहे असं पुढे बरीच वर्षं मानलं गेलं. २०१६ मध्ये मकाक माकडाच्या घशाची क्ष-किरण चित्रं तपासली, तेव्हा दिसलं की बोलण्याजोगे स्वर काढायला त्याचा घसा पुरेसा लवचिक आहे. घशावर तसा ताबा ठेवणारी मेंदूतली यंत्रणा मात्र नाही.

तोंड चालत नाही तर हात चालवून बघू, असा विचार गार्डनर दांपत्याने केला. १९६६ मध्ये नेवाडात त्यांनी वॉशू या चिंपांझीला बधिरांच्या अमेरिकन खूणभाषेचे धडे द्यायला सुरुवात केली. वॉशू सुमारे १३० खुणा शिकली. त्याचा पडताळा घेण्यासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हर्बर्ट टेरेस यांनी १९७३ मध्ये निम नावाचं पिल्लू घेतलं. निमच्या सगळ्यांत लांब ‘वाक्या’त १६ खुणा होत्या आणि त्या सगळ्यांचा मिळून अर्थ एवढाच, की मला संत्रं दे, खायला दे. वरुड-मोर्शीच्या बागांत शिरलेल्या वानराला शब्द फुटले असते तर त्यानेही हेच मागितलं असतं! १९७९ मध्ये टेरेस यांनी स्वतःच्याच चित्रफिती पुन्हा तपासून जाहीर केलं, की निम शिक्षकांच्या खुणांची नक्कल करत होता. त्यात व्याकरण नव्हतं. शास्त्रज्ञाने स्वतःच्या विरोधात निकाल द्यावा हे मोठेपणाचंच. पण त्या निकालात निम कुठेच नव्हता. डझनावारी शिक्षकांच्या हातून गेलेला, माणसांत वाढलेला हा जीव प्रयोग संपल्यावर ओक्लाहोमाच्या पिंजऱ्यात परत पाठवला गेला आणि काही काळ तर औषधांच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेतही पोचला. नंतर टेक्सासच्या एका आश्रयस्थानात तो २००० साली वारला. त्याला व्याकरण येतं का, हे तपासायला चार वर्षं दिली गेली. त्याला काय वाटतं, हे तपासण्याजोगं कुणाला वाटलं नाही.

भाषेच्या परीक्षेत नापास ठरलेल्या या प्राण्यांच्या खुणा ज्या वेळी खऱ्या अर्थाने बोलक्या झाल्या, ते प्रसंग बहुधा भावनेचे आहेत. वॉशूची दोन पिल्लं दगावली होती. तिच्याकडे येणारी एक स्वयंसेविका गर्भवती होती. मध्ये काही दिवस ती आलीच नाही. ती परत आल्यावर वॉशू रुसून दूर बसली. त्या बाईने खुणेने सांगितलं, की माझं बाळ गेलं. वॉशूने तिच्याकडे बघितलं आणि डोळ्याखालून गालावर बोट ओढत ‘रडणं’ ही खूण केली. हा प्रसंग वॉशूचे सांभाळकर्ते रॉजर फाउट्स यांनी लिहून ठेवला आहे. कोको या गोरिला मादीचं मांजराचं पिल्लू १९८४ मध्ये गाडीखाली मेलं, तेव्हा तिने दुःखाच्या खुणा केल्याचं तिच्या शिक्षिका फ्रान्सिन पॅटरसन सांगत. कोकोच्या खुणांचा अर्थ मुख्यतः पॅटरसनच लावत, म्हणून त्यावर संशय घेतला जातो आणि तो रास्तही आहे. एकाच माणसाने ऐकलेल्या आणि त्याच माणसाने उलगडलेल्या बोलण्यावर विज्ञान उभं राहत नाही.

कान्झी या बोनोबोची गोष्ट याहून भक्कम. खुणांच्या फळ्यावरची चिन्हं शिकवली जात होती त्याला वाढवणाऱ्या दत्तक आईला. ती फारसं शिकली नाही, पण अंगाखांद्यावर खेळणारा कान्झी बघूनच शिकला. पुढे ६६० तोंडी सूचनांच्या चाचणीत त्याने सुमारे ७२ टक्के सूचना बरोबर पाळल्या. सोबत तपासलेल्या दोन वर्षांच्या मानवी मुलीचं प्रमाण ६६ टक्के होतं. मार्च २०२५ मध्ये, ४४ व्या वर्षी, कान्झी गेला. कुणी न शिकवता, आईच्या सहवासात तो शिकला, हा त्या संशोधनातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

दरम्यान काही अभ्यासकांनी वर्ग सोडले आणि रान धरलं. केनियाच्या अंबोसेलीत, १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी व्हर्वेट माकडांच्या इशाऱ्यांच्या ध्वनिफिती झुडपात लपवून वाजवल्या. बिबटाचा इशारा ऐकून माकडं झाडावर पळाली, गरुडाचा ऐकून वर बघत झुडपात शिरली, सापाचा ऐकून दोन पायांवर उभी राहून गवतात शोधू लागली. समोर बिबट, गरुड, साप काहीच नव्हतं. नुसत्या आवाजात बातमी होती.

युगांडाच्या बुडोंगो रानात २०१२ मध्ये आणखी पुढची गोष्ट दिसली. चिंपांझींच्या वाटेवर खोटा विषारी साप ठेवला. ज्या सोबत्याला साप माहीत नाही तो जवळ असला, तर चिंपांझी जास्त इशारे देत. सगळ्यांना ठाऊक असेल तर कमी. भीती दोन्ही वेळा तीच, पण इशारा ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे, यावर ठरत होता. आणि एप्रिल २०२५ मध्ये काँगोतल्या कोकोलोपोरीच्या बोनोबोंवरचा अभ्यास आला: सुमारे ७०० हाकांच्या ध्वनिमुद्रणांवरून मेलिसा बर्थे, मार्टिन सुर्बेक आणि सायमन टाउनसेंड यांनी दाखवलं, की बोनोबो दोन हाका जोडतात आणि काही जोडांचा अर्थ नुसत्या दोन अर्थांची बेरीज नसतो, एक हाक दुसरीचा अर्थ बदलते. मानवी भाषेचं म्हणून मिरवलेलं एक लक्षण अशा रीतीने रानातच सापडलं.

वानराच्या जवळच्या नात्यातली साक्षही आहे. सुमात्रातल्या थॉमस वानरांना संशोधकांनी वाघाची प्रतिकृती दाखवली, तेव्हा कळपातला हुप्प्या, म्हणजे प्रौढ नर, ओरडायला लागला आणि कळपातल्या प्रत्येकाने एकदा तरी उलट इशारा देईपर्यंत ओरडतच राहिला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा अर्थ विलक्षण आहे. कोण ओरडलं, कोण राहिलं, याचा हिशेब तो ठेवत होता. एकट्याच्या भीतीला असा हिशेब लागत नाही. तो लागतो काळजीला.

मेळघाटातला हुप्प्या असा हिशेब ठेवतो का, हे तिथेच तपासायला हवं. पण त्याची ओरड इतरांच्या उपयोगी पडते, हे निश्चित. मध्य प्रदेशच्या कान्हा राष्ट्रीय उद्यानात पॉल न्यूटन यांनी वानर आणि चितळ यांची सोबत अभ्यासली. वानर खातो त्यापेक्षा जास्त सांडतो. ती पानं, फळं वेचायला चितळ झाडाखाली जमतात आणि एकमेकांचे इशारे दोघेही ओळखतात. वर डोळे, खाली नाक. दोन वेगळ्या जातींचे प्राणी एकमेकांची ‘बोली’ समजून घेतात.

वानराच्या आयुष्यातला सगळ्यांत बोलका भाग मात्र इशाऱ्यांचा नाही, पिल्लांचा आहे. गडद केसांचं, फिकट चेहऱ्याचं पिल्लू जन्मलं की काही तासांतच ते या मादीकडून त्या मादीकडे जाऊ लागतं. मावश्या, आज्या, अजून आई न झालेल्या पोरसवदा माद्या, सगळ्यांना ते हवं असतं. आई त्याला सोडून निवांत पाला खाते. चिंपांझी, गोरिला किंवा ओरांगउटान मादी असं करत नाही. कित्येक आठवडे, कधी महिने ती पिल्लाला दुसऱ्याच्या हाती देत नाही. म्हणजे महाकपी बुद्धीने माणसाला जवळचे खरे, पण मूल इतरांच्या हवाली करण्याच्या बाबतीत वऱ्हाडातला वानर माणसाला जास्त जवळचा.

सारा ब्लॅफर हर्डी यांनी १९७१ पासून राजस्थानातल्या अबूच्या डोंगरावर वानरांचा अभ्यास केला. त्या गेल्या होत्या एका कठोर प्रश्नासाठी. धारवाडजवळ जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात बघितलं होतं, की बाहेरून आलेला नर जुन्या हुप्प्याला हुसकावून कळप ताब्यात घेतो आणि अंगावरची पिल्लं मारतो. हर्डी यांनी दाखवून दिलं, की हा वेडाचार नव्हे. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची वीण वाढते. त्याच कळपातल्या माद्या, कधी म्हाताऱ्या माद्यासुद्धा, दुसरीच्या पिल्लासाठी त्या दुप्पट ताकदीच्या नरावर धावून जातात, हेही त्यांनीच नोंदवलं. पुढे २००९ च्या पुस्तकात हर्डी यांनी मांडलं, की माणसाचं मूल अनेकांच्या हातांत वाढू लागलं, तेव्हा ‘हा चेहरा मला सांभाळेल का’ हे ओळखणं मुलाच्या जगण्याचा प्रश्न झाला. दुसऱ्याच्या मनाचा ठाव घेण्याची ही ओढ आधी आली आणि बोलणं तिच्यावर उभं राहिलं. हा सिद्धान्त अजून वादात आहे, पण भाषेचा उगम शिकारीत किंवा हत्यारांत शोधणाऱ्या जुन्या मांडण्यांपेक्षा तो जास्त पटतो.

दुःखाचं काय? जेन गुडाल यांनी गोम्बेच्या रानात बघितलेली फ्लो ही चिंपांझी मादी १९७२ मध्ये मेली. साडेआठ वर्षांचा तिचा मुलगा फ्लिंट अन्न सोडून बसला, कळपापासून दूर झाला आणि महिन्याभरात मेला. वानर माद्याही मेलेलं पिल्लू दिवसच्या दिवस छातीशी धरून फिरतात. बीबीसीच्या एका मालिकेसाठी राजस्थानात वानरांच्या कळपात कॅमेरा दडवलेलं यंत्रपिल्लू सोडलं होतं. एका मादीच्या हातून ते उंचावरून पडलं आणि निश्चल झालं. कळप भोवती जमला, गप्प झाला, काही वानरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. ते दुःख होतं, गोंधळ होता की भीती, हे त्या चित्रीकरणावरून ठरवता येणार नाही. मिठी मात्र खरी होती आणि तणावाच्या वेळी वानर ती मारतात, हे अभ्यासकांनी अनेकदा बघितलेलं आहे.

वानराच्या भावना वाचताना घाई झाली की काय होतं, हे महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये बघितलं. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानर कुत्र्याची पिल्लं उचलून छपरांवर, झाडांवर नेत होते. तिथून पडून किंवा उपाशी राहून पिल्लं मरत होती. बघता बघता बातमी झाली, की कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून वानरांनी सूड उगवला आणि अडीचशे कुत्री मारली. ती जगभर गेली. प्रत्यक्षात नागपूरच्या पथकाने दोन वानर पकडून नेले. अडीचशेच्या आकड्याला आधार मिळाला नाही. पिल्लू उचलणं, कुरवाळणं, अंगाशी धरून फिरणं हे वानराच्या स्वभावातच आहे. कुत्र्याच्या पिल्लाला मात्र फांदी धरता येत नाही आणि पाला खाता येत नाही. जिथे कदाचित माया होती, तिथे सूड वाचला गेला. प्राण्याला भावना नाहीत म्हणणं जितकं चूक, तितकंच आपल्या मनातली भावना त्याच्या तोंडी घालणं चूक.

वऱ्हाडात हा प्रश्न पुस्तकी नाही. हरभरा, तूर, संत्र्याची बाग यांचं वानर नुकसान करतात आणि शेतकऱ्याचा संताप खरा आहे. चिखलदऱ्याच्या पॉइंटांवर तेच वानर पर्यटकांच्या हातचे वेफर ओढतात. तिथे होणारे बरेचसे चावे गैरसमजातून होतात. डोळ्यांत रोखून बघणं ही वानराच्या लेखी धमकी. मान पुढे काढून झटके देणं, जमिनीवर हात आपटणं, दात करकरा वाजवणं हे वाढत्या रागाचे टप्पे. तेवढ्यावर माणूस मागे सरला तर प्रकरण तिथेच मिटतं. ओठ मागे ओढून दात दिसतात ते हसू नसतं, ती भीती असते आणि घाबरलेला वानर अंगावर येऊ शकतो. पर्यटक ते हसू समजून सेल्फीसाठी जवळ जातात. खायला घालून तर आपण त्याला माणसाच्या हाताकडे बघायला शिकवतो आणि पुढे तोच वानर गावात, बागेत शिरून दगड खातो. चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनी पिशवी बंद ठेवावी, नजर बाजूला करावी आणि त्याला एक दाणाही देऊ नये.

दुसरी विनंती अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना. व्हर्वेट आणि बोनोबोंच्या हाका ऐकायला जग आफ्रिकेत गेलं. मेळघाटाच्या वानराची हाक सेमाडोहच्या कोरकू वनमजुराला पिढ्यान्‌पिढ्या कळते, पण ती कागदावर फारशी उतरलेली नाही. खिशातल्या मोबाइलवर आवाज टिपता येतो. कोण ओरडलं, नर की मादी, तोंड कुठे होतं, कोणतं जनावर दिसलं, कळपातल्या किती जणांनी उत्तर दिलं आणि हुप्प्या केव्हा थांबला, एवढं तारीख-वेळेसह लिहून ठेवावं. आणि सोबत असलेल्या कोरकू माणसाला त्याचा अर्थ विचारून त्याच्या शब्दांत, त्याच्या नावानिशी नोंदवावा.